खात्यापित्या घरच्या बायका

हुरड्याला तिकीट लागतं हे मला यंदा कळलं. शेजारच्या मंडळींनी आग्रह करून नेलं. मंगळवेढ्याच्या रस्त्याला एका शेतात कमान उभारली होती. आत झोके, बैलगाडीतून फेरी, आणि फलकावर मोठ्या अक्षरांत ‘अस्सल गावरान जेवण’. खाली यादी : ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, करडईची भाजी, हरभऱ्याचा पाला, अंबाडी, शेंगाची चटणी. आगटीत कणसं भाजत होती. तो वास आला तशा बरोबरच्या बायका खुलल्या, फोटो काढायला धावल्या. माझ्या मात्र कपाळाची शीर उडायला लागली. मी ती यादी पुन्हा वाचली. यातला एकेक पदार्थ आमच्या घरातून हाकलून दिलेला होता. त्यापायी एक मूल गेलं, आणि एक बाई जाता जाता राहिली. आता त्याच पदार्थांसाठी माणसं रांगेत उभी होती, हौस म्हणून, वर्षातून एकदा. उद्यापासून परत पाव, बिस्किटं आणि पाकिटं.

वयाबरोबर राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. सोलापुरात थंडी पडली, मंडईत हरभऱ्याचे डहाळे दिसायला लागले, की तो उगवतो. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झालेली होती, त्या एका हिवाळ्याचा हा राग आहे. निम्मा घरावर, निम्मा माझ्यावर.

बाजारपेठेमागच्या बोळात आमचं घर होतं. खाली वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, किराणा दुकान, वर आम्ही. जिना चढतानाच साखरेच्या पोत्यांचा, मैद्याचा, गुळाचा आणि वनस्पती तुपाचा मिळून एक जड वास यायचा. तो कपड्यांना लागायचा, वेणीला लागायचा. तुपाचे रिकामे पत्र्याचे डबे घरभर. एकात तुळस, एकात पाणी, एकात कोळसा. मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांची वस्ती होती. त्यांच्या मागांची खटखट दिवसभर चालायची आणि गिरणीच्या भोंग्यावर आमचा चहा व्हायचा. सकाळी चहा, दहाला चहा, जेवण झालं की लगेच चहा, चारला चहा. प्रत्येक वेळी बशीत बिस्किटं. पाहुणा आला की शंकरपाळे, मैद्याचे, भरपूर तुपातले. आमच्या घरी कुणी कधी उपाशी गेलं नाही. हे वाक्य अण्णा दिवसातून एकदा तरी म्हणत.

अण्णा नातेपुत्याकडच्या एका खेड्यातले. लहानपणी भाकरी, मीठ आणि मिरची यांच्यावर वाढलेले, त्यातही भाकरी मोजून मिळायची. एका वाण्याच्या घरी कामाला असताना त्या घरातल्या मुलांना तुपाची पोळी खाताना बघत ते दाराशी उभे राहिले होते. ते दार त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. दुकान उभं राहिलं, पहिली दिवाळी आली, तेव्हा त्यांनी आईला सांगून टाकलं, आजपासून आपल्या घरात भाकरी थापायची नाही. पोळी, भात, साखर, तूप. भाजी म्हणजे बटाटा. पालेभाजीला ते ‘पाला’ म्हणायचे. पाला शेळ्यांनी खावा, आपण का?

मला त्या माणसाचा राग येतो आणि त्या दाराशी उभ्या राहिलेल्या पोराची कीवही येते. दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे नीट रागावताही येत नाही, आणि त्याचाही राग येतो.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली मुलगी, माहेरचं नाव ठकू. आमच्याकडे तिचं नाव नलिनी ठेवलं. उंच, सडसडीत, काळीसावळी. गालावर घासून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी चमक होती. दोन हंडे घेऊन जिना चढायची तरी दम लागायचा नाही. मी तेव्हा डी. एड. होऊन मुलींच्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. दोन पिशव्या घेऊन तोच जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबायची. अभ्यासानं, जागरणानं होत असेल असं समजायची. आईही थांबायची. आमच्या घरात बायका मधल्या पायरीवर थांबतात, एवढंच मला ठाऊक होतं.

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी वहिनीनं आईकडं ज्वारीचं पीठ मागितलं. फार संकोचानं. दोन घास भाकरी आणि एखादी पातळ भाजी मिळाली तर बरं वाटेल, म्हणाली. आईनं हसत हसत ते जेवताना अण्णांना सांगितलं. अण्णांना ते लागलं. उद्या हिचा बाप म्हणेल की दुकानदाराच्या घरात माझी पोर भाकरीवर ठेवली, असं काहीतरी ते बोलले. आवाज चढवला नाही. संध्याकाळी वर येताना त्यांनी तिच्यासाठी बिस्किटांचा अख्खा डबा आणि पेढे आणले आणि तिच्या हातात दिले. वहिनी पाया पडली. त्यानंतर तिनं पीठ कधी मागितलं नाही.

दीड वर्षात वहिनी भरली. हात गोल झाले, चेहरा फुगला, पाय जड झाले. आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची. बघा, आली तेव्हा काठी होती, आमच्याकडं कसं अंग धरलं. बायकाही मान डोलवायच्या, खात्यापित्या घरात पडली म्हणायच्या. गालावरची चमक गेली होती. ओठांचे कोपरे चिरले होते. रंग पिवळट झाला होता, त्याला सगळे ‘उजळली’ म्हणत होते. काळी सून उजळली याचा आमच्याकडे आनंद होता. असा आनंद मी कुणाच्या घरात पाहिला की आजही माझी मूठ वळते.

आणि त्याच दिवसांत मी चौथीच्या वर्गात भिंतीवर तक्ता लावला होता. स्वतः रंगवलेला. गाजर, पालेभाजी, शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी. खाली सुबक अक्षरांत कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावी कोणता रोग, लोह कमी पडलं तर काय. पोरी तालात म्हणायच्या, मी छडी धरून दाखवायची. तपासायला आलेल्या साहेबांनी तक्त्याची तारीफ केली. मी घरी येऊन वहिनीच्या हातचा बटाटा आणि पोळी खायची, वर चहा घ्यायची. त्या तक्त्यातली एक गोष्ट आमच्या ताटात नाही, हे मला दिसलं नाही. मला पाठ होतं, म्हणून दिसलं नाही.

वहिनीला दिवस गेले. दिवाळीच्या सुमारास माझे खडू कमी व्हायला लागले. शाळेतून उरलेले तुकडे मी एका डब्यात घरी आणून ठेवायची, तक्त्यांसाठी. डबा अर्धा झाला, मग पाव. घरात लहान मूल नव्हतं. मी दोन दिवस लक्ष ठेवलं. दुपारी आई झोपली की वहिनी माझ्या खोलीत यायची, डबा उघडायची आणि तिथंच भिंतीला टेकून बसून खडू खायची. घाईनं. तहानलेलं माणूस पाणी पितं तशी.

मी काय करायला हवं होतं? आज विचारलं तर कुणीही सांगेल. तेव्हा मी काय केलं ते सांगते. चहाच्या वेळी सगळे बसलेले असताना मी तिचा पदर धरला आणि झटकला. खडूचे चार तुकडे आणि मागच्या भिंतीच्या गिलाव्याचा एक पापुद्रा फरशीवर पडला. “बघा, तुमची सून काय खाते,” मी म्हणाले. मी चेष्टेत बोलले असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिले. चेष्टा नव्हती. माझे खडू गेले होते आणि मला चोर सापडला होता.

आईनं तोंडाला पदर लावला. दादा खाली मान घालून चहा पीत राहिला. अण्णा एवढंच म्हणाले, की आपल्या घरात खायला काय कमी आहे म्हणून माती खायची वेळ आली? तो प्रश्न बरोबर होता. अगदी तोच प्रश्न होता. पण तो त्यांनी उत्तरासाठी विचारलेला नव्हता. वहिनीनं फरशीवरचे तुकडे गोळा केले, ओल्या फडक्यानं जागा पुसली आणि स्वयंपाकघरात गेली. माझ्या खोलीला कुलूप लागलं.

एकीला कळलं होतं. मागच्या गल्लीतली नरसम्मा, मागावर काम करणारी. खडूची गोष्ट मोलकरणीकडून तिच्यापर्यंत गेली असणार. ती आमच्या मागच्या दाराशी आली, ओट्यावर बसलेल्या वहिनीकडं एकदा नीट बघून घेतलं आणि आईला तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “अम्मा, पोरीमंदी रक्त नाय. मी पण खाल्ली होती माती, पहिल्या टायमाला. दवाखान्यात ने.” सोबत वाटीभर अंबाडीची चटणी आणली होती, तेलुगू घरांत करतात तशी, लाल मिरची घातलेली. आईनं हसून वाटी ठेवून घेतली. नरसम्मा वळल्यावर ती मोलकरणीला देऊन टाकली. विणकराच्या बायकोनं आम्हाला शिकवायचं का, असं ती म्हणाली नाही. तिच्या मनगटाच्या झटक्यात ते होतं.

मार्गशीर्षात, सातव्या महिन्यात, वहिनी जिन्यावर पडली. त्या मधल्या पायरीवर. पाण्याची कळशी खालपर्यंत आपटत गेली आणि तिच्या आवाजावर दुकानातली गिऱ्हाइकं धावली. दादानं आणि मी तिला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, मागोमाग आई आली.

तिथल्या डॉक्टरीणबाई उंचीनं लहान, बोलायला तुटक. त्यांनी वहिनीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली. मी शेजारीच उभी होते. आतली बाजू लाल असते ना, ती कागदासारखी पांढरी होती. मग त्यांनी वहिनीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. भरून आला नाही. दीड वर्ष ज्याचं कौतुक चाललं होतं ते हे. अंग धरलं नव्हतं, सूज धरली होती.

ही काय खाते, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आईनं अभिमानानं सांगायला सुरुवात केली. पोळी, भात, तूप, साखर, पेढे, बिस्किटं, कशाला म्हणून ना नसते. पालेभाजी? कडधान्यं? तीळ, शेंगदाणे, अंडी? आई थांबली. जेवणावर चहा? चहा होता. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. त्या म्हणाल्या, “बाई, चुलीत लाकडं भरपूर घातलीत तुम्ही. पण रक्त लाकडाचं होत नाही.”

रक्त चढवायला हवं होतं, नातेवाइकांपैकी कुणीतरी द्यायला हवं होतं. दादाचा चेहरा उतरला. मी पुढं झाले. कदाचित त्या चार खडूंची भरपाई करायची असेल, कदाचित मी शिकलेली आहे हे दाखवायचं असेल. एका खोलीत टेबलावर काचेच्या भांड्यात निळं पाणी होतं, मोरचुदाचं. तपासणाऱ्यानं माझं बोट टोचलं आणि थेंब त्या पाण्यात सोडला. थेंब बुडाला की रक्त चांगलं, असं त्यानं दादाला समजावलं होतं. माझा थेंब पाण्यात थोडा खाली गेला, थबकला आणि परत वर येऊन तरंगत राहिला. त्यानं दुसऱ्यांदा टोचलं. दुसराही तरंगला.

तो वाईट माणूस नव्हता. हळूच म्हणाला, “बाई, तुमचं नाही चालणार. तुम्हालाच द्यायची पाळी आहे.”

मी मागं वळून आईकडं बघितलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. तिला कुणी बोट मागितलंही नव्हतं.

दादाचा थेंब बुडाला. सरळ, खड्यासारखा. गटही जुळला. तो रोज दुपारी मित्रांबरोबर खानावळीत जायचा, मटण खायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पुरुषांना बाहेर जागा होती. आम्हाला ती साखर-तुपाची सुबत्ताच होती, वरच्या मजल्यावरची.

रक्तानं वहिनी वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती. मी पाहिली. तिच्याबद्दल मी अजून कुणाशी बोललेले नाही, इथंही बोलणार नाही.

घरी आल्यावर भेटायला बायका यायच्या आणि आई त्यांना सांगायची, खडू खाल्ला म्हणून पोर गेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा, माझ्यासमोर, वहिनी आतल्या खोलीत पडलेली असताना तिला ऐकू जाईल अशा आवाजात आई तेच म्हणाली. त्या दिवशी जेवताना मी अण्णांच्या समोर बसले. आमच्याकडे बायका नंतर जेवायच्या. त्या दिवशी मी ताट घेऊन आधीच बसले. 

“अण्णा, या घरात तीन बायका आहेत आणि तिघींच्यात मिळून एकीचंही धड रक्त नाही. खडूनं मूल गेलं नाही. रक्त नव्हतं म्हणून ती खडू खात होती.”

अण्णांचा हात ताटात थांबला. पोळीवर तूप होतं, ते गोठत चाललेलं मला दिसत होतं. ते उठले, हात धुतले, चप्पल घालून दुकानात गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई मात्र त्या दिवसापासून खडूचं नाव काढेना. तिला वहिनीची दया आली होती असं नाही. तीन बायकांमध्ये मी तिला मोजलं, ते तिला बोचलं होतं. बरंच झालं बोचलं ते.

वहिनीला बाळंतपणानंतरची विश्रांती म्हणून माहेरी पाठवलं. विश्रांतीला रिकामी ओटी घेऊन. लोहाच्या गोळ्यांची पुडी मी तिच्या पिशवीत घातली. संक्रांतीला शाळेला सुट्टी होती. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती, माझ्या मैत्रिणी पाळण्यात बसायला निघाल्या होत्या. मी एस्टीत बसले आणि मंगळवेढ्याकडं गेले.

ते रान मी आयुष्यात विसरणार नाही. दोन्ही बाजूंना माणूसभर उंचीची ज्वारी, पोटऱ्यांतून बाहेर आलेली कणसं, पायाखाली भेगाळलेली काळी माती, आणि थंडी अशी की श्वास दिसावा. भोगीचा दिवस होता. वहिनीच्या आईनं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. घेवडा, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, बोरं, सगळं एकत्र शिजवून वर तिळाचं कूट. शिवाय हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी, लसणाची फोडणी दिलेली, थोडी आंबट. मी खाल्लं. किती खाल्लं ते सांगायला लाज वाटते. दुसऱ्या भाकरीला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीनं आलं असं मी म्हणाले.

भाकरीत जादू नव्हती, हेही मला कळत होतं. अण्णा त्याच भाकरीवर वाढले होते आणि ती कोरडी असते तेव्हा किती कोरडी असते हे त्यांना माहीत होतं. गोळ्या नसत्या तर नुसत्या हरभऱ्याच्या शेंड्यांनी वहिनी इतक्या लवकर उठली नसती. पण अण्णांच्या ताटात दारिद्र्यामुळं जे नव्हतं, ते आमच्या ताटात श्रीमंतीमुळं नव्हतं. कोरडी भाकरी टाकायची म्हणून त्यांनी भाकरीसोबतचं सगळं रानच टाकून दिलं होतं.

दुपारी आम्ही दोघी बांधावर बसलो. वहिनी घोळीची भाजी खुडत होती. तिच्या पायांची सूज उतरली होती, ती परत काठीसारखी दिसत होती. मी खूप वेळ शब्द जुळवले आणि मग म्हणाले, वहिनी, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर पदर झटकला, ते मला करायला नको होतं.

ती खुडत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “वन्सं, तुमी सांगितलं त्येचं मला काय न्हाय. पर तुमी मास्तरीण हाय की. का खाती, येवढं कुणीच इचारलं न्हाय, तुमी बी न्हाय.”

मी तिच्या शेजारी सरकले आणि तिच्याबरोबर घोळ खुडायला लागले. 

अण्णा तिला न्यायला स्वतः गेले, फाल्गुनाच्या आधी. मी नव्हते, दादानं मला नंतर सांगितलं. तिथं अंगणात घोंगडीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि सुनेला निघायला सांगितलं. वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली आणि म्हणाली, “येती की मामंजी. पर जवारी घिऊन येती.” एवढंच. तिच्या बापाला घाम फुटला असणार. अण्णांनी चपला पायात घातल्या आणि दादाला सांगितलं, पोतं एस्टीच्या टपावर नीट बांध.

त्या संध्याकाळी आमच्या घरात इतक्या वर्षांनी भाकरी थापल्याचा आवाज झाला. थप थप. खाली दुकानात तो स्पष्ट ऐकू गेला असणार. अण्णांनी ती भाकरी कधी खाल्ली नाही. मरेपर्यंत नाही. पण आठवड्यातून एक-दोनदा दुपारी वर येताना ते हातातली कापडी पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून न बोलता जायचे. आत कधी मेथीच्या जुड्या, कधी करडई, कधी चाकवत असायचा. वहिनीला पुढं दोन मुलं झाली. दोन्ही वेळा तिला मळमळेपर्यंत गोळ्या खायला लावण्याचं काम माझं होतं.

ही गोष्ट सुखाची झाली असं कुणी म्हणू नये. एका मुलीचा जीव गेला तेव्हा एका घरानं ज्वारीचं एक पोतं वर चढवू दिलं. एवढा भाव पडला.

म्हणून मी रागावलेलीच राहिले. शाळेत परतल्यावर पहिल्यांदा भिंतीवरचा तक्ता काढला. मग मुलींना खिडकीशी रांगेत उभं केलं आणि एकेकीची पापणी ओढून बघितली. चाळीसपैकी किती, ते सांगत नाही, ऐकवणार नाही. मुख्याध्यापकांनी समज दिली, की शिक्षिकेनं शिकवावं, दवाखाना चालवू नये. मी दर थंडीत पापण्या बघत राहिले. बदली झाली तिथंही, निवृत्त होईपर्यंत. गरिबांच्या मुली सापडत, त्यांच्या आया निमूट ऐकून घेत, जमेल ते करत. भांडायला यायच्या त्या खात्यापित्या घरच्या.

अशीच एक आली होती, नोकरीच्या शेवटच्या वर्षी. जरीच्या काठाची साडी, हातात मुलीचा डबा. मुलीची पापणी बघून मी घरी पाठवलेल्या चिठ्ठीनं तिचा अपमान झाला होता. तो डबा तिनं टेबलावर उघडून दाखवला. साखरेची पोळी, चिवडा, क्रीमची बिस्किटं, चॉकलेट. रोज एवढं देते, आमची मुलगी काय उपाशी आहे का, आमच्या घरात काय कमी आहे, असं ती एका दमात बोलली आणि मग तिला पुढचं बोलायला श्वास पुरेना. जिना एकच मजला चढून आली होती.

मी तिच्याशी वाद घातला नाही. म्हणाले, जरा खिडकीशी या. ती का ते न कळून आली. मी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं केला, अंगठा डोळ्याखाली ठेवला आणि पापणी खाली ओढली.

“तुम्ही काय काय खाता, बाई?” मी विचारलं.

 ती माझ्या चौथीतल्या पोरींच्या बाकावर, त्या बुटक्या बाकावर, साडी सावरून बसली आणि म्हणाली, “हे मला आजवर कुणी विचारलंच नाही.”